पेटीवाल्या बाई

बाईंचा डावा हात कामाच्या वेळी मी कधी पाहिलाच नाही. तो पाठीमागे, कमरेला खोचलेल्या पदरात दडलेला असे. उजव्या हातात पेचकस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, दाढेखाली लवंग आणि डावा हात बेपत्ता. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचारीचा हात अधू असावा. मी मनातल्या मनात चुकचुकले. दुपारी त्याच हाताने त्यांनी भाजीचं पातेलं उचलून माझ्यापुढे आदळलं, तेव्हा माझी दया फुकट गेल्याचं कळलं.

"उघड्या पेटीत दोन्ही हात घातले तं करंट एका हातातून शिरते अन् काळजातून होऊन दुसऱ्या हातातून निंघते," त्या म्हणाल्या. "एकच हात असला तं झटक्यावर भागते. दोन हात आहेत म्हणून दोन्ही घालाव, असं थोडीच आहे वं?"

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की भाजी घेताना, भांडताना, लग्नात अक्षता टाकतानासुद्धा डावा हात आपोआप मागे जाई. एका लग्नात नवरीच्या आईने त्यांना बाजूला नेऊन हाडवैद्याचा पत्ता दिला. बाईंनी तो नीट ऐकून घेतला आणि "वैद्य असन चांगला, पण तुमच्या या हॉलचं वायरिंग पहिले दाखवा कोणाले तरी" असा उलट सल्ला देऊन त्या जेवायला बसल्या.

नागपुरात सक्करदऱ्याला तलावाजवळच्या एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि घरातच स्टुडिओ. पुढच्या खोलीत कूलर, बाक आणि चहाची किटली. मधल्या खोलीत यंत्रं. आतली खोली गाण्याची. तिच्या खिडक्या कापसाच्या गाद्या ठोकून बंद केलेल्या. त्याआधीचं अर्धं आयुष्य बाईंनी कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर म्हणून काढलं होतं. "पहिले वीज बनवली, आता तिच्याकडून गाणं करवून घेऊन राहिली," असं त्या कुणालाही, त्याने न विचारता सांगत. नम्रपणा त्यांना कुणी शिकवला नव्हता आणि त्यांनीही कधी त्याची चौकशी केली नव्हती.

मधल्या खोलीत टेबलावर त्यांची पेटी होती. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, व्हॉल्व्हवर चालणारा जुना कम्प्रेसर. गाणारा एकदम वर गेला की हे यंत्र आवाज जरा आवरून धरतं आणि तो खाली आला की सोडून देतं. त्यामुळे कुजबुज बुडत नाही आणि आरोळी फाटत नाही. बाई म्हणायच्या, "जत्रेत लेकराचं बोट धरतो ना आपण, तसं. ओढाचंही नाही अन् सुटूही द्याचं नाही." पुढच्या बाजूला एक काटा होता. यंत्र आवाजाला किती आवरतं आहे, ते तो दाखवायचा. झाकण काढलं की आत काचेचे व्हॉल्व्ह तांबूस उजळलेले दिसत.

ही पेटी त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणली होती. सामानाच्या डब्यात टाकायला मन होईना, म्हणून स्वतःच्या बर्थवर रजईत गुंडाळून ठेवली आणि आपण रात्रभर पायथ्याशी टेकून बसल्या. समोरच्या माणसाने हळूच विचारलं, "पेशंट आहे का?" बाई म्हणाल्या, "हो. पण बरी होईन." आणि खरोखरच त्यांनी तिला बरी केली. आतली वाळलेली, फुगलेली कपॅसिटरं काढून नवी घातली, गंजलेली टोकं घासली, तारा बदलल्या. मी कामाला लागले तेव्हा पेटी ठणठणीत होती. तिची देखभाल मात्र तान्ह्या लेकराची असावी तशी चाले. दर रविवारी कोरड्या ब्रशने धूळ झटकायची. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारायची आणि हेडफोनमधून घुंगरासारखा आवाज येतो का ते ऐकायचं. आला तर तो व्हॉल्व्ह बाद. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर आतून चांदीसारखा चकाकता डाग असतो. "ही चांदी काळी-चमकदार आहे तोवर आत हवा नाही शिरली समजाव," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की अजून मी बिघडलेला बल्बसुद्धा आधी डोक्याकडून पाहते.

पेटी लावली की ती तापेपर्यंत कुणी गायचं नाही, हा त्यांचा कायदा. काटा शून्यावर येऊन गुमान बसेपर्यंत सगळ्यांनी चहा प्यायचा. एकदा एका जाहिरातवाल्याने घड्याळ दाखवलं. "म्याडम, मले टाइम नाही." बाईंनी शांतपणे स्विच बंद केला. "तुमच्यापाशी टाइम नाही, तं माह्यापाशी पेटी नाही. या आता." तो दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येऊन दोन कप चहा प्यायला.

आजकाल कम्प्रेसर कॉम्प्युटरच्या आतच मिळतो. पेटीचं चित्रसुद्धा असतं पडद्यावर, काटासुद्धा हलतो. मी स्वतः तो वापरते आणि तो वाईट नाही. बाईंना हे सांगायची सोय नव्हती. "चुलीच्या फोटोवर भाकर भाजून दाखव, मंग बोल," म्हणत.

आणि पेटी लावायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. तिला मुख्य बटणं दोन. आवाज किती लवकर धरायचा हे एकावर, आणि किती लवकर सोडायचा हे दुसऱ्यावर. बाकीचे लोक गाणं ऐकून ती फिरवतात. बाई गाणाऱ्याला आतल्या खोलीत बसवून त्याच्या घरातल्या शेवटच्या भांडणाची हकिकत सांगायला लावत. "गाताना माणूस सांभाळून राहते वं. भांडण सांगताना तो खरा किती जोरात जाते अन् किती लवकर निवते, ते समजते." मी यावर पुष्कळ हसले. पण बटणं बरोबर लागत, हे नाकारून कसं चालेल?

या भांडणापायीच ते रामायण घडलं.

त्या मे महिन्यात काटोलहून एक मावशी आल्या. बरोबर त्यांचे मालक, म्हणजे काका, संत्रा मंडीत तोलाईचं काम करणारे, पांढऱ्या टोपीचे अबोल गृहस्थ. मावशींना मी नावाने नाही तरी आवाजाने ओळखत होते. जयंतीच्या कार्यक्रमांत त्या चौकाचौकात गायच्या आणि त्यांच्या वरच्या आवाजापुढे लाऊडस्पीकर हात टेकायचा. गळ्याशी मात्र आता लिंबाएवढी गाठ दिसत होती.

"परवा आपरेशन हाय जी," त्या बाईंना म्हणाल्या. "डॉक्टर म्हणते, गाठ आवाजाच्या नसेले लागून हाय. आवाज राहीन बी, जाईन बी. मले माह्या आवाजाचं काई नाही. पण हे गाणं माह्या मायनं केलं हाय. लेकी गात नाही, नाती गात नाही. ते माह्यासंगं नाही जायले पायजे."

गाणं त्यांच्या आईच्या लहानपणचं होतं. धम्मदीक्षेला घरदार बैलगाडीतून नागपूरला निघालेलं. पहाटेचा अंधार, गाडीत थकलेली आजी झोपलेली, आणि लहान मुलगी गाडी हाकणाऱ्या भावाच्या कानात सांगते, "गाडी हळू हाक रे दादा, आजी निजली गाडीत." पहिलं कडवं त्या कुजबुजीचं. मग कडव्यागणिक उजाडत जातं, रस्त्यावर माणसं वाढत जातात आणि शेवटच्या कडव्यात मैदान येतं. तिथे मावशींचा गळा पूर्ण उघडायचा. डॉक्टरांनी गळ्याला ताण द्यायचा नाही असं बजावलं होतं. म्हणजे फार तर एक-दोनदा गाता येणार होतं.

बाई गाठीकडे न पाहता म्हणाल्या, "गाणं कुठी नाही जात. बस. चहा घे."

चहा घेता घेता मावशींनी आईच्या वहीतले शब्द न गाता, हळू आवाजात बाईंना म्हणून दाखवले. पेटी लावली. मे महिन्याची उष्णता म्हणून बाईंनी तिचं झाकण काढून ठेवलं. मग नेहमीप्रमाणे मावशींना आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, "मालकासंगं शेवटचं कायचं भांडण झालं?" मावशी लाजल्या. भांडण कानावर पडू नये म्हणून बाईंनी काकांना मधल्या खोलीत, पेटीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. मी आत माइक उभा करत होते. मावशींचं भांडण छान रंगात आलं होतं. तेवढ्यात मधल्या खोलीतून आधी घरघर आणि मग 'टिक्' असा बारीक आवाज आला.

बाई इतक्या जोरात धावल्या की माइक आडवा झाला.

काकांनी पुढच्या खोलीतला चाकांचा कूलर आत ढकलत आणला होता, पाणी भरून थेट उघड्या पेटीवर लावला होता आणि समाधानाने बाजूला उभे होते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्या होत्या, त्यामुळे वाऱ्याबरोबर तुषार उडत होते. नागपुरात तापलेलं माणूस घरी आलं की आधी त्याच्याकडे कूलर फिरवायचा, मग नाव-गाव विचारायचं. काकांनी यंत्रालाही तोच मान दिला होता. बाईंनी भिंतीवरचा मेन स्विच पाडला. तापलेल्या काचेवर गार थेंब पडून एक व्हॉल्व्ह तडकला होता. त्याच्या डोक्यावरची चांदी आमच्या डोळ्यांदेखत दुधासारखी पांढरी झाली.

"लय तापली होती जी," काका पुटपुटले. "हात ठेवून पायला, तं चटकाच बसला. म्हटलं, हवा देऊ बिचारीले."

मी डोळे मिटले. चुकीच्या वेळी खोकलेल्या तबलजीला या बाईंनी रस्त्यापर्यंत सोडून आलेलं मी पाहिलं होतं. पण आवाज चढला नाही. डोळे उघडून पाहते तर बाई काकांकडे टक लावून पाहत होत्या.

"इतके लोक येऊन गेले," त्या म्हणाल्या, "पण इले गरमी होते, हे आजवर एकाच्याही मनात नाही आलं. तुम्ही चांगले माणूस आहात भाऊ." मग माझ्याकडे वळून, "पण यायले बाहेर बसव वं. अन् कूलर यायच्या हाताले लागू देऊ नको."

मावशी मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मी म्हटलं, आपण कॉम्प्युटरवर घेऊ, त्यातला कम्प्रेसर लावू. बाईंनी तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. फक्त पहिल्या दोन ओळी घेऊन पाहिल्या. कॉम्प्युटरमधून फिरून आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा पोचत होता. मावशी स्वतःच्याच पाठीमागून येणाऱ्या आवाजाला अडखळायला लागल्या. तो बंद केला तर त्यांना आपली कुजबुज ऐकूच येईना, आणि मग त्या सवयीने पहिल्या ओळीपासूनच ओरडून गायला लागल्या. आजी खडबडून जागी झाली असती अशी ती कुजबुज होती. गळा तेवढा दुखायला लागला.

"बस कर," बाईंनी थांबवलं. "पेटी होईन सुरू. तू गप बस. नवऱ्यासंगंही बोलू नको."

पेटीत व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. बैलजोडीसारखी दोघांची ताकद सारखी लागते. एक जरा जास्त ओढणारा असला की प्रत्येक मोठ्या सुराच्या सुरुवातीला हेडफोनमध्ये 'धप्' असा धक्का बसतो. बाईंनी पेटी फडक्याने पुसली, केस वाळवायच्या मशीनने कोरडी केली आणि बिस्किटांच्या डब्यात जमवलेले जुने व्हॉल्व्ह काढले. भंगारातल्या रेडिओंमधून गोळा केलेली ही त्यांची पुंजी. एक लावायचा, तापू द्यायचा, मी माइकसमोर "हा!" म्हणायचं. धप्. काढायचा. दुसरा. धप्. बाईंचा डावा हात मागे, कपाळावर घाम, आणि मी वेड्यासारखी हा-हा करते आहे. दुपार डोक्यावर आली. शेवटी एक कळकट व्हॉल्व्ह लागला. त्याच्यावरची अक्षरंही पुसून गेली होती. बाजूचा छोटा स्क्रू बाईंनी केसभर फिरवला. "हा!" धक्का नाही. पुन्हा "हा!" काही नाही. आवाज लोण्यासारखा.

"जमली जोडी!" बाईंनी टाळी वाजवली, चक्क दोन्ही हातांनी.

पण काटा शून्यावर बसेना. तो सारखा खाली-वर करत होता. कोपऱ्यातला स्टॅबिलायझर कट्कट् करत होता. मला कारण कळायला वेळ लागला नाही. दुपारची वेळ, गल्लीतल्या घराघरात कूलर चालू, व्होल्टेज पार बसलेलं. व्हॉल्व्हला वीज सारखी मिळाली नाही तर पेटी मनाला येईल तशी धरते आणि सोडते. संध्याकाळपर्यंत थांबता येत नव्हतं. मावशींना सहाच्या आत दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

बाईंनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि त्या उन्हात बाहेर पडल्या. मी मागोमाग. गल्लीत बाईंशी न भांडलेलं एकही घर नव्हतं. समोरच्या घरी पहिली थाप.

"कूलर बंद करा. एक गाणं होईस्तोवर. सगळ्या गल्लीनं बंद करा लागते."

दारातल्या वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "या उन्हात? म्याडम, डोकं फिरलं काय तुमचं? पोराच्या हळदीत आमचा डीजे बंद केला, मिक्सरवरून भांडल्या, अन् आता कूलर? मेलो तरी बंद नाही करत, जा!"

बाईंनी व्होल्टेजवर व्याख्यान सुरू केलं. विनंती करायची असते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या अशा बोलण्याने एखाद्याने चालू असलेला कूलर दुपटीने चालू केला असता. एवढ्यात आमच्या मागे मावशी येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. "तुम्ही तं जयंतीले आपल्या चौकात गाता जी! गळ्याले काय झालं?"

मावशींनी हळू आवाजात सांगितलं. गाठ, परवाचं ऑपरेशन, आईचं गाणं. वहिनी आत गेल्या. त्यांच्या कूलरची घरघर मंदावत थांबली. मग त्या रस्त्याच्या मध्यभागी येऊन जी ओरडल्या, ती हाक तलावापर्यंत गेली असेल. "ए कोपऱ्यावाल्या काकू, कूलर बंद कर वं! काहून म्हणजे? मी सांगून राहिली म्हणून! ओ भाऊ, तुमचाही! गाणं होऊन राहिलं इथं!"

एकेक करून गल्ली गप्प होत गेली. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. लोक ओट्यांवर सावलीला येऊन बसले, वर्तमानपत्राने वारा घेत, आणि तोंडावर बोट ठेवून एकमेकांना गप्प करत. आत स्टॅबिलायझरची कट्कट् थांबली. काटा हळूहळू शून्यावर आला आणि बसला.

बाईंनी मावशींच्या कानांवर स्वतः हेडफोन चढवला. "दादाच्या कानात सांग," एवढंच म्हणाल्या.

मावशी गायल्या. पहिली ओळ इतकी हळू, की मी दाराच्या काचेतून त्यांचे ओठ हलताना पाहिले आणि मगच ती ऐकली. हेडफोनमध्ये ती त्यांनाही ऐकू आली असणार, कारण त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी जोर लावलाच नाही. गाडी चालत राहिली, उजाडत गेलं. कडव्यागणिक आवाज वर निघाला, तसा काटा वाकत गेला, सावरत गेला. शेवटच्या कडव्यात मैदान आलं आणि मावशींनी गळा मोकळा सोडला. एवढा मोठा आवाज, कुठे फाटला नाही, कुठे दबला नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"झालं," बाई म्हणाल्या. श्वासाच्या आवाजासाठीही गाणं पुन्हा घ्यायला लावणाऱ्या बाई. मी थक्क झाले.

गल्लीला ऐकवल्याशिवाय सुटका नव्हतीच. घामाने निथळत सगळे पुढच्या खोलीत आणि दारात दाटले. मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं. पहिलं कडवं संपलं तेव्हा समोरच्या वहिनी म्हणाल्या, "हे कडवं नवीन जोडलं काय जी?"

"नवीन कायचं?" मावशी म्हणाल्या. "दरसाल म्हणते मी, तुमच्या चौकात."

इतकी वर्षं लाऊडस्पीकरच्या घरघरीत ते कडवं बुडत होतं आणि आम्ही सगळे गाणं मधूनच ऐकत आलो होतो. मग गाणं संपलं आणि टाळ्यांनी, शिट्ट्यांनी घर दणाणलं. काका दारात टोपी हातात घेऊन उभे होते. "तिच्या मायचाच आवाज हाय," ते कुणाला तरी सांगत होते, पुन्हा पुन्हा. बाई मधोमध उभ्या राहून पेटीचं आणि स्वतःचं सारखंच कौतुक करून घेत होत्या. त्या दिवशी त्यांची फुशारकी मला पहिल्यांदा पुरेपूर पटली.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. काकांचा फोन आला, की जीवाला धोका नाही, पण बोलते ते हवेसारखं, शब्द ऐकू येत नाहीत. मग कित्येक दिवस काही नाही. बाई विचारत नसत. फोन वाजला की मात्र हातातलं काम टाकून बघत.

पावसाळा अर्धा झाला तेव्हा एका सकाळी फोन आला. बाईंनी स्पीकरवर टाकला. आवाज घोगरा होता, जरा खरखरीत, पण असा खणखणीत की बाईंनी फोन हातभर लांब धरला.

"म्याडम, मी बोलून राहिली! ते गाणं रोज ऐकते मी. तिसऱ्या कडव्यात माही ओळ चुकली जी. मायनं 'नदी' म्हटलं होतं, मी 'वाट' म्हटलं. मले पुन्हा गायचं हाय."

"माहीत आहे मले," बाई म्हणाल्या. "तू मायच्या वहीतून आधी मले म्हणून दाखवलं होतं ना, तवा नदीच होती. चूक झाली तवाच समजली."

"मंग थांबवलं काहून नाही?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"सगळंच बरोबर झालं असतं, तं तू वापस कायले आली असती वं?"